परतीचा हिशेब : अद्भुतरम्य बालकथांतील स्थळ आणि काळ

बालसाहित्याचा अभ्यास समोर आला की प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात पुष्कळदा एक संकोच निर्माण होतो. दिवसभराची नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून रात्री पुस्तक उघडावे आणि त्यात सशाच्या बिळात पडणारी मुलगी किंवा कपाटातून बर्फाळ अरण्यात शिरणारी भावंडे भेटावीत. यात अभ्यासण्यासारखे ते काय, असा हा संकोच असतो. तो अनाठायी आहे, असे माझे मत आहे. ते का, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. दुसऱ्या जगाची वाट कोठून जाते आणि तेथे काळ कसा चालतो, हे अद्भुतरम्य बालकथेचे दोन मूलभूत नियम होत. लेखक ते केवळ गंमत म्हणून ठरवीत नाही. माणसाने मोठे होणे म्हणजे काय, याविषयीचे त्याचे मत त्या नियमांत सामावलेले असते. म्हणून अशा कथेचे मूल्यमापन करताना तिने किती विस्मयकारक जग उभारले एवढेच पाहून भागत नाही. त्या जगातून परत आल्यावर काय हाती उरते आणि काय गमावले जाते, याचा हिशेब ती प्रामाणिकपणे मांडते काय, हे पाहावे लागते. इंग्रजीतील चार सुपरिचित कथाविश्वांच्या आधारे हा मुद्दा तपासून पाहू.

स्थळ आणि काळ : एकच वीण

रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन याने कादंबरीचा विचार करताना स्थळ आणि काळ यांना वेगळे करता येत नाही, असे मांडले. या दोहोंच्या एकत्रित विणीसाठी त्याने 'क्रोनोटोप' ही संज्ञा वापरली. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताच्या संदर्भातील ही संज्ञा त्याने साहित्यविचारात जवळजवळ रूपक म्हणून आणली. मराठीत तिला 'कालावकाश' म्हणता येईल. रस्ता, उंबरठा, किल्ला अशी स्थळे कथेत आली की त्यांच्याबरोबर विशिष्ट प्रकारचा काळही येतो, हे त्याच्या विवेचनाचे सार आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना अनोळखी वाटू नये. आपल्या व्रतांच्या कहाण्या आटपाट नगरात घडतात. ते नगर कोणत्याही नकाशावर नाही आणि त्याच्या राजाचा शकही कोणी विचारीत नाही. स्थळ अनिश्चित झाले की काळही अनिश्चित होतो. पुराणांतील ककुद्मी राजाची कथा तर याहून पुढे जाते. कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास तो ब्रह्मलोकी जातो. तेथे चाललेले गायन संपेपर्यंत थांबतो. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर युगांमागून युगे उलटून जातात आणि ज्यांचा त्याने वर म्हणून विचार केला होता त्यांपैकी कोणीही उरलेला नसतो. रेवतीचा विवाह अखेर बलरामाशी होतो. परंतु राजाचे जग मात्र परत मिळत नाही. दुसऱ्या लोकात घालविलेल्या वेळेची किंमत या लोकात मोजावी लागते, ही जाणीव या कथेत स्पष्ट आहे. ही जाणीव मनाशी ठेवून आता आपण इंग्रजी बालकथांकडे वळू.

ॲलिस : दुसऱ्यांच्या मापाचे जग

लुईस कॅरल हे टोपणनाव घेणारा चार्ल्स डॉजसन ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवीत असे. ४ जुलै १८६२ रोजी नदीवरील नौकाविहारात त्याने महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या मुलींना एक गोष्ट सांगितली. तिच्यातूनच १८६५ मध्ये 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' हे पुस्तक आकारास आले.

हा काळ घड्याळांच्या घोळाचा होता. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेस असल्यामुळे तेथील स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे पाच मिनिटे मागे पडे. रेल्वे आली, तिच्या वेळापत्रकाला सर्वत्र एकच वेळ हवी होती, आणि १८८० मध्ये ग्रिनिचची वेळ ब्रिटनमध्ये कायद्याने लागू झाली. तरीही क्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यातील मोठी घंटा आजही रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे जुन्या ऑक्सफर्ड वेळेनुसार नऊ वाजता, १०१ टोले देते. आपल्याकडे मुंबईतही १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतर तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' कित्येक वर्षे हट्टाने पाळली जात होती, हे येथे आठवावे. काळ हा निसर्गाचा असला तरी वेळ ही माणसांनी आपापसांत ठरविलेली असते, हे कॅरलच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले होते.

म्हणूनच त्याच्या पुस्तकात घड्याळ सतत थट्टेचा विषय होते. सशाला नेहमी उशीर झालेला असतो. टोपीवाल्याचे घड्याळ तास न दाखविता तारीख दाखविते, आणि तीही दोन दिवसांनी चुकलेली. या टोपीवाल्याचे काळाशी भांडण झालेले आहे. तेव्हापासून त्याच्याकडे कायम सायंकाळचे सहा वाजलेले असतात. सहा म्हणजे चहाची वेळ. त्यामुळे चहा कधी संपत नाही आणि कपबशा धुण्यास फुरसत मिळत नाही.

स्थळाचेही तसेच आहे. ॲलिस कधी एवढी मोठी होते की घरात मावत नाही, तर कधी एवढी लहान की टेबलावरील किल्लीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. वरवर पाहता हा सारा विक्षिप्तपणा वाटतो. परंतु लहान मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. त्याच्या घरातील टेबल, कडी, पायरी ही सारी मोठ्यांच्या मापाने केलेली असतात. उठणे, जेवणे, झोपणे हे मोठ्यांच्या घड्याळाने ठरलेले असते. 'हे करण्याएवढी तू लहान नाहीस' आणि 'हे करण्याएवढी तू मोठी नाहीस' ही दोन्ही वाक्ये त्याला एकाच दिवशी ऐकावी लागतात. ॲलिसचे लहानमोठे होणे हे या रोजच्या अनुभवाचेच अतिशयोक्त रूप आहे. तिचे नवलविश्व म्हणजे मोठ्यांच्या जगाची मुलाच्या उंचीवरून घेतलेली प्रतिमा होय.

पुढील 'थ्रू द लुकिंग-ग्लास' (१८७१) या पुस्तकात भूमी बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहे. ॲलिस प्यादे आहे आणि आठव्या घरात पोहोचली की ती राणी होणार आहे. मोठे होणे ही काळातील घटना येथे अंतर कापण्याची घटना बनते. वाटेत हम्प्टी डम्प्टी तिचे वय विचारतो. साडेसात वर्षे हे उत्तर त्याला पसंत पडत नाही. माझा सल्ला घेतला असतास तर साताव्या वर्षीच थांब म्हणालो असतो, असे तो सुचवितो. वाढणे आपल्या हातात नसते, हे ॲलिसचे म्हणणे. कुणाची योग्य मदत मिळाली तर थांबता येते, हा त्याचा प्रतिवाद. विनोदाच्या आडून आलेले हे संभाषण अंगावर काटा आणणारे आहे, कारण वाढ थांबविण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो मृत्यू होय.

ॲलिसच्या कथांत परतीचा हिशेब फारसा नाही. ती जागी होते आणि सारे संपते. तरी पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तिची बहीण मनात एक चित्र रंगविते : ही ॲलिस एके दिवशी प्रौढ स्त्री होईल आणि दुसऱ्या मुलांना ही गोष्ट सांगेल. स्वप्नाबाहेर काळ चालूच आहे, याची ही हलकी नोंद आहे.

पीटर पॅन : थांबलेल्या काळाची किंमत

कॅरलने विनोदात ठेवलेला प्रश्न जे. एम. बॅरीने कथेच्या केंद्रस्थानी आणला. त्याचे 'पीटर पॅन' हे नाटक २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये प्रथम सादर झाले आणि १९११ मध्ये 'पीटर अँड वेंडी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बॅरी सहा वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ डेव्हिड वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास बर्फावरील अपघातात दगावला. आईच्या मनात तो मुलगा कायम तेवढाच राहिला, असे बॅरीने आईविषयीच्या आपल्या पुस्तकात सूचित केले आहे. न वाढणारा मुलगा ही कल्पना त्याच्या घरातच जन्मली होती.

पीटरचे बेट कोठे आहे, हे सांगताना तो एक दिशा सांगतो आणि मग सकाळ होईपर्यंत सरळ जात राहावे, असे म्हणतो. पत्त्याचा अर्धा भाग स्थळाचा आणि अर्धा काळाचा, असा हा विलक्षण पत्ता आहे. बेटावर सूर्य आणि चंद्र मुख्य भूमीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने दिवस मोजता येत नाहीत. तेथे एकच घड्याळ आहे आणि ते मगरीच्या पोटात टिकटिकते. या मगरीने कप्तान हुकचा हात खाल्लेला आहे आणि उरलेल्या हुकसाठी ती त्याच्या मागावर आहे. बेटावरील या मोठ्या माणसाच्या मागे काळ लागला आहे. पीटरला त्याची भीती नाही.

परंतु या निर्भयतेची किंमत काय? पीटरला काही आठवत नाही. हुकशी झालेले युद्ध तो विसरतो, जिवाला जीव देणाऱ्या टिंकर बेलला विसरतो. ज्याच्यासाठी काळ चालत नाही त्याच्याजवळ भूतकाळही साठत नाही. कादंबरीच्या शेवटी तो वेंडीला न्यायला येतो तेव्हा ती संसारी स्त्री झालेली असते. पीटरचे दुधाचे दातही अजून पडलेले नाहीत. आपले मोठेपण त्याला दिसू नये म्हणून अंधारात अंग चोरून बसणारी वेंडी आणि हे सत्य कळल्यावर रडणारा पीटर, हा प्रसंग बालसाहित्यातील अत्यंत हृदयस्पर्शी प्रसंगांपैकी एक आहे. थोड्याच वेळात पीटर वेंडीच्या मुलीला घेऊन उडून जातो. हिशेब येथे पूर्ण मांडलेला आहे. वेंडीला आठवणी मिळतात आणि बेट गमवावे लागते; पीटरला बेट मिळते, पण वेंडी त्याच्या हाती राहत नाही.

नार्निया : फुकटची परती आणि तिची दुरुस्ती

सी. एस. लुईसच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०) या कथेत युद्धकाळात लंडनबाहेर पाठविलेली चार भावंडे एका प्राध्यापकाच्या घरातील कपाटातून नार्निया या देशात पोहोचतात. येथील काळाचा नियम असा की नार्नियात कितीही वेळ गेला तरी इकडे जवळजवळ काहीच वेळ गेलेला नसतो. लुईसने या नियमाचा एक सुंदर उपयोग केला आहे. धाकटी ल्यूसी कपाटातून येऊन आपण तासन्‌तास बाहेर होतो असे सांगते, आणि भावंडांना ती क्षणभरच दिसेनाशी झालेली असते. ती खोटे बोलते असे सर्वांना वाटते. प्राध्यापक मात्र उलट विचार करतात : खोटे बोलणारी मुलगी आपल्या कथेला शोभेल एवढा वेळ लपून बसली असती. काळाची विसंगती हाच सत्याचा पुरावा ठरतो.

तथापि, या पुस्तकाच्या शेवटाविषयी माझा आक्षेप आहे. ही मुले नार्नियात राजे-राण्या होतात, वर्षानुवर्षे राज्य करतात, प्रौढ होतात. आणि एके दिवशी शिकारीच्या मागे जाता जाता कपाटातून बाहेर पडतात, ती पुन्हा मुले होऊन. एवढे आयुष्य पुसले गेले तरी त्याचा ओरखडा त्यांच्यावर दिसत नाही. राज्य केले, तेही फुकट. परत आलो, तेही फुकट. ककुद्मीच्या कथेशेजारी हा शेवट ठेवला तर त्याचे हलकेपण जाणवते.

लुईसला स्वतःलाही हे जाणवले असावे, असे पुढील 'प्रिन्स कॅस्पियन' (१९५१) वाचताना वाटते. एक वर्षानंतर ही भावंडे पुन्हा नार्नियात जातात, तेव्हा तेथे शतके लोटलेली असतात. एका बेटावरील ओसाड भग्नावशेषांत ती हिंडत असताना सुझनला सोन्याचा एक बुद्धिबळातील घोडा सापडतो. त्याच्या डोळ्यांतील दोन माणकांपैकी एक निखळून गेलेले आहे. त्यावरून उलगडा होत जातो की हे अवशेष त्यांच्याच राजवाड्याचे आहेत. ज्यांच्याबरोबर ती खेळली, बोलली, ते सारे कधीच गेले आहेत. शेवटी थोरल्या दोघांना सांगितले जाते की तुमचे वय आता वाढले, यापुढे तुम्हाला येथे येता येणार नाही. पहिल्या पुस्तकाने माफ केलेले कर्ज दुसऱ्याने व्याजासह वसूल केले, असे म्हणता येईल.

टॉमची बाग : तेरावा टोला

या चौघांत फिलिपा पिअर्सची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' (१९५८) ही कादंबरी मला सर्वश्रेष्ठ वाटते. त्या वर्षीचे कार्नेगी पदक तिला मिळाले. भावाला गोवर झाल्यामुळे टॉमला मावशीकडे राहावयास पाठविले जाते. जुन्या मोठ्या घराचे तुकडे करून केलेल्या बिऱ्हाडांपैकी एकात ती राहते. मागे बाग नाही. कचऱ्याचे डबे ठेवण्याचे अंगण तेवढे आहे. वाडे जाऊन तेथे इमारती झालेल्या आपण पाहिल्या आहेत, म्हणून हे दृश्य आपल्याला लगेच कळते. एका रात्री दालनातील उंच लंबकाच्या घड्याळात तेरा टोले पडतात. टॉम मागचे दार उघडतो आणि समोर एक विस्तीर्ण बाग दिसते.

तेथे त्याला हॅटी ही पोरकी मुलगी भेटते. तो दररोज रात्री जाऊ लागतो. परत येतो तेव्हा इकडे काही मिनिटेच गेलेली असतात. मग टॉमला एक युक्ती सुचते. बागेत हवा तेवढा काळ राहावे आणि त्याच क्षणी परत यावे. असे केल्यास घरही सुटणार नाही आणि बागही. हा नेमका नार्नियाचा नियम आहे. पिअर्सने तो नियम नायकाच्या तोंडी दिला आणि तो का चालत नाही हे दाखविले. कारण साधे आहे : बागेत दुसरे माणूस आहे आणि ते वाढते आहे. टॉमच्या दोन रात्रींमध्ये हॅटीची महिने-वर्षे उलटतात. गोठलेल्या नदीवरून दोघे ईली गावापर्यंत स्केट्सवर घसरत जातात तेव्हा ती तरुणी झालेली असते आणि टॉम तिला विरळ, अस्पष्ट दिसू लागलेला असतो. तिने लाकडी फळ्यांखाली लपवून ठेवलेले स्केट्सच टॉमला आपल्या काळात सापडलेले असतात. एकाच जोडीवर, एकाच नदीवर, दोघे एकाच वेळी घसरत आहेत. एका वस्तूत दोन काळ एकवटण्याचे याहून सुरेख उदाहरण मला माहीत नाही.

शेवटच्या रात्री बाग उघडत नाही. टॉम अंधारात हॅटीला हाका मारतो आणि सारे घर जागे होते. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील घरमालकीण, वृद्ध श्रीमती बार्थोलोम्यू, त्याला बोलावतात. त्याच हॅटी असतात. त्या रात्री जे स्वप्न पाहत, त्या बालपणात टॉम जात होता. पती गेला, दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले, बागेच्या जागेवर घरे उभी राहिली. हे सारे त्यांनी सोसलेले आहे. निरोप घेऊन जिना उतरणारा टॉम धावत परत जातो आणि समवयस्क मैत्रिणीला मारावी तशी त्यांना मिठी मारतो.

हा प्रसंग मला या साऱ्या परंपरेचा कळस वाटतो. पीटरला मोठी झालेली वेंडी सहन होत नाही. टॉमला म्हाताऱ्या बाईत हॅटी ओळखता येते. बाग परत मिळत नाही, पण वाढणे म्हणजे आधीचे माणूस नाहीसे होणे नव्हे, ही समज त्याला मिळते. गमावले काय आणि मिळाले काय, या दोन्ही रकान्यांत येथे खरी नोंद आहे.

एक आक्षेप

मुले काही हिशेब मांडण्यासाठी गोष्ट वाचीत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मुलाला कपाट आवडते, उडणे आवडते, आणि आवडावेच. परंतु मुले निरोपाचे प्रसंगही विसरत नाहीत. सुट्टी संपते, आजोळहून परत यावे लागते, खेळ मोडून अंधार पडतो. परतीचे दुःख त्यांना मोठ्यांहून कमी कळत नाही. टॉल्किनने १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात पलायनाच्या आरोपाला उत्तर देताना कैद्याची सुटका आणि रणांगणातून पळ काढणे यांत फरक करण्यास सांगितले. मला त्यात एक भर घालाविशी वाटते. सुटलेला कैदी घरी येतो तेव्हा घरही बदललेले असते. ते बदललेले घर दाखविण्याचे धैर्य ज्या कथेत आहे, तिच्यावर पलायनवादाचा आरोप टिकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे मराठी वा भाषांतरित कोणतीही अद्भुतरम्य कथा वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. दुसऱ्या जगाचे दार कोणत्या साध्या जागेत आहे? तेथील काळ येथील काळाशी कसा जोडला आहे? आणि परत येणाऱ्याला काय द्यावे लागते? उत्तरे लिहून काढावीत आणि माझ्या मतांशी ती जुळत नसतील तर आपली बाजू उदाहरणांसह मांडावी.

घरातील सर्वजण झोपल्यावर, दिवसाच्या वेळापत्रकात कोठेही नसलेल्या एखाद्या तासात आपल्यापैकी बरेच जण अभ्यासाला बसतात. तो तास उद्याच्या झोपेतून वजा होतो, हे आपण जाणता. तो फुकट मिळत नाही, म्हणूनच त्यात वाचलेले आपल्याजवळ राहते. तेराव्या टोल्याचा अर्थ अशा वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.